तुम्हाले कितीत पडलं?

जहाजावरच्या पहिल्या संध्याकाळी, मुंबईच्या इमारती अजून दिसत असतानाच, मावशीने चहाचा कप हातात घेऊन आईला तो प्रश्न विचारला. लग्नातली साडी, नवा फ्लॅट आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन, या तिन्हींबद्दल आमच्या वऱ्हाडात तो विचारला जातोच.

"तुम्हाले कितीत पडलं वं ताई?"

आईने माझ्याकडे पाहिलं. पैसे मी भरले होते, आकडा मलाच माहीत होता. मी म्हटलं, "जवळपास तुमच्याएवढंच, मावशी." आणि समोसे आणायला उठले.

ते जवळपास तेवढंच नव्हतं. माणशी पाच हजार दोनशे रुपयांनी कमी होतं. आम्ही चौघं, म्हणजे वीस हजार आठशे. जहाज तेच, मजला तोच, खिडकीही तेवढीच गोल. मावशीने नोव्हेंबरमध्ये पैसे भरले होते, मी फेब्रुवारीत, निघायच्या अकरा दिवस आधी. समोशाच्या रांगेत उभं राहून मी स्वतःला विचारत होते की मी खोटं का बोलले. चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. स्वस्तात मिळालेली वस्तू लोक मिरवतात, मी लपवत होते.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण या गोष्टीत तिचा काही दोष नाही. दोष असेल तर तो दुसरीकडे आहे, आणि तो नक्की कुठे आहे हे शोधण्यासाठीच लिहायला बसले आहे.

आम्ही अकोल्यात जठारपेठेत राहतो. इथून समुद्र जवळजवळ सहाशे किलोमीटर. मोर्णा नदी आहे, पण तिच्याकडे पाहून कुणाला जहाज आठवणार नाही. तरी आता आमच्या गल्लीत क्रूझ हा शब्द परका राहिलेला नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया' मुंबईहून निघू लागली, तेव्हापासून लग्नाच्या पंचविशीला, तिशीला बालाजीऐवजी जहाज असं ऐकू येऊ लागलं. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं होत होती. मावशीचं कुटुंब अमरावतीहून येणार होतं. दोघी बहिणींनी एकत्र कुठे जायचं, तर लहानपणी आजोळी गेल्या होत्या तेवढंच.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. आकड्यांचंच काम आहे. त्यामुळे भाडं वर-खाली होतं हे लक्षात आल्यावर मी एक तक्ता केला. रोज रात्री जेवण झालं की फोनवर तीच तारीख, तीच केबिन टाकून बघायचं आणि आकडा लिहून ठेवायचा.

हे भाडं पडतं का, ते आधी सांगते. रात्री नऊनंतर जठारपेठेच्या भाजीबाजारातून गेलात तर मेथीची जुडी संध्याकाळच्या निम्म्या भावात मिळते. ती घरी नेऊन उपयोग नाही, उद्या ती सुकणार. केबिन मेथीपेक्षाही नाशिवंत. जहाज सुटलं की रिकाम्या केबिनची किंमत शून्य, आणि जहाज रिकामं गेलं म्हणून डिझेल, खलाशी, बंदराचं शुल्क यांतलं फारसं काही वाचत नाही. उलट कुणी कमी पैशांत का होईना आत आलं, तर ते आत खर्च करतं. दारू, कॅसिनो, मसाज, गोव्यात उतरून फिरायची बस. म्हणून शेवटी शेवटी भाव उतरतो. परदेशातल्या मोठ्या कंपन्यांमध्ये उरलेले पैसे भरायची मुदत निघण्याच्या साधारण अडीच-तीन महिने आधी संपते. तेव्हा कच्चे गडी गळतात, केबिन परत येतात, आणि तिथून घसरण सुरू होऊ शकते. सगळ्यात स्वस्त तिकीट असतं ते 'कुठली केबिन ते आम्ही ठरवू' या अटीवरचं. बंदर शुल्क आणि कर मात्र कमी होत नाहीत, त्यामुळे जाहिरातीतली निम्मी किंमत शेवटच्या पानावर निम्मी राहत नाही.

कुटुंबांसाठी हा खेळ अवघड असतो. तिघा-चौघांची केबिन मुळात थोड्या असतात आणि त्या आधी जातात. शिवाय नुसता पलंग रिकामा असून भागत नाही, जीवरक्षक नावेत जागा लागते. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर जे नियम झाले त्यांचं मूळ तेच: जितकी माणसं तितकी नावेत जागा. आणि शाळेच्या सुट्टीत भाव उतरतच नाही. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे जूनभर पोरं मोकळी. पण तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा, जहाज कुठलं निघायला! थोडक्यात, शेवटच्या क्षणाची सवलत त्यालाच मिळते ज्याचा वेळ त्याच्या हातात आहे. हे वाक्य मी तक्ता करताना फायद्याचा नियम म्हणून लिहिलं होतं. आता ते वेगळं वाचलं जातं.

नोव्हेंबरमध्ये मावशीचा फोन आला होता. "बुक करू का? तू पाह्यतेस ना ते फोनवर रोज." मला तोवर कळलेलं होतं की आधीच्या दोन सफरींचे भाव शेवटच्या पंधरवड्यात पडले होते. मी म्हटलं, "तुम्ही करून टाका. आमचं बाबांच्या सुट्टीचं नक्की नाही." बाबांच्या सुट्टीचं खरंच नक्की नव्हतं. म्हणजे मी खोटं बोलले नाही. फक्त जे माहीत होतं ते बोलले नाही.

या अवघड जागेवर माझ्याआधी दोन हजार वर्षं कुणीतरी बसून गेलं आहे. रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सन पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांबद्दल एक ग्रंथ लिहिला. त्यात एक कोडं आहे, आणि तेही नेमकं जहाजाचंच. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन तिथे पोचतो. त्याने वाटेत पाहिलं आहे की धान्याने भरलेली आणखी जहाजं मागून येत आहेत. हे बेटावरच्या लोकांना सांगितलं तर भाव पडेल. गप्प बसलं तर चढ्या भावाने विकता येईल. त्याने सांगावं का? सिसेरो दोन गुरूंना भांडायला लावतो. डायोजिनीस म्हणतो, मालातला दोष कायद्याप्रमाणे सांगितला की झालं, जगातली प्रत्येक बातमी सांगायला मी बांधलेला नाही. अँटिपॅटर म्हणतो, माणसं एकमेकांची आहेत, समोरच्याच्या कामाचं जे तुला ठाऊक आहे ते तू त्याच्यापासून दडवू शकत नाहीस. सिसेरो अँटिपॅटरच्या बाजूने निकाल देतो. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे, पण स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याला अंधारात ठेवणं हे लपवणंच.

व्यापारी निदान परक्या बेटावर होता. मी सख्ख्या मावशीशी बोलत होते.

माझा फायदा काय होता, असं तुम्ही विचाराल. मावशीने आधी पैसे भरले काय नि नंतर काय, मला कुठे कमिशन मिळणार होतं? मीही स्वतःला हेच सांगितलं. पण तक्त्याकडे बघताना एक विचार माझ्या डोक्यात होता, आणि तो नव्हता असं म्हणणं हे तिसरं खोटं होईल. केबिन जितक्या उरतील तितका भाव पडेल, पण फार उरल्या तर सफरच रद्द होऊ शकते. कुणीतरी आधी पूर्ण पैसे भरून जहाज पक्कं करायला हवं. मावशीने भरले म्हणजे जहाज जरा आणखी पक्कं झालं. एका केबिनने काय होतं, खरं आहे. पण मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये मांडलेली कसोटी कॉलेजात पाठ केली होती: आपण ज्या नियमाने वागतो तो सगळ्यांचा नियम झाला तर चालेल का? सगळ्यांनीच शेवटच्या दिवसाची वाट पाहिली तर जहाज बंदरातून हलणारच नाही. माझी सवलत मावशीसारख्यांच्या नोव्हेंबरवर उभी होती.

याच्या विरुद्ध एक मोठा युक्तिवाद आहे आणि तो मला बरेच दिवस पटत होता. बायबलमध्ये एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर आणतो, दुपारी आणतो, दिवस मावळायला तासभर असतानाही आणतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. मालक म्हणतो, तुमच्याशी जे ठरलं ते मी दिलं, दुसऱ्याला जास्त दिलं तर तुमचं काय गेलं? या गोष्टीतून रस्किनने आपल्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकाचं नाव उचललं आणि ते पुस्तक गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डरबनला जाताना आगगाडीत वाचलं. त्यातूनच पुढे 'सर्वोदय' आला. तर मावशीशी जे ठरलं ते तिला मिळालं: केबिन, खिडकी, जेवण. मला कमी पडलं तर तिचं काय गेलं?

पण गोष्टीतला मालक शेवटच्या मजुराला जास्त देतो, कारण दिवसभर त्याला कुणी कामच दिलेलं नव्हतं आणि त्याच्याही घरी चूल आहे. मी दिवसभर उपाशी उभी नव्हते. मी फोन घेऊन उभी होते.

आमच्याकडे वाट पाहण्याची किंमत कळायला बायबल लागत नाही, कापूस पुरतो. आजोबांची अकोटकडे थोडी शेती होती. दिवाळीच्या आसपास कापूस घरात यायचा, आणि तेव्हाच दुकानदाराचं देणं, सोसायटीचं कर्ज, बहिणीची ओवाळणी हेही दारात उभं असायचं. ठेवायला जागा नाही, थांबायला पैसा नाही. सगळ्यांचा कापूस एकदम बाजारात, भाव खाली. ज्याच्याकडे गोदाम आणि दोन पैसे, तो उन्हाळ्यात विकणार. आजोबा म्हणायचे, "भाव कापसाले नाही भेटत बाप्पा, थांबाले भेटते." हेच मोडून काढायला सरकारने १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. राज्यभर खरेदीदार एकच, आधी आणा की मागून, भाव ठरलेला. ती पुढे फार गाजली, आणि चांगल्या कारणांनी कमीच. बाहेर भाव चढला की लोक रात्री बैलगाड्या आणि ट्रक सीमेपलीकडे नेत, शेतकरी संघटनेनेही तिला विरोध केला. एकच भाव म्हणजे न्याय, असं मी म्हणणार नाही. पण त्या योजनेमागचा प्रश्न खोटा नव्हता. थांबता येणं ही मिळकत आहे, आणि ती सगळ्यांकडे सारखी नसते.

गंमत म्हणजे रेल्वेत सगळं उलटं. जहाजाला शेवटच्या क्षणी येणारा हवा असतो, गाडीला नको असतो, कारण जहाजात जागा उरते आणि मुंबईच्या गाडीत ती कधीच उरत नाही. मावशीने साठ दिवस आधी, बुकिंग उघडलं त्या सकाळी अमरावती-मुंबई गाडीची तिकिटं काढली होती. आम्हाला तत्काळशिवाय गत्यंतर नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी दहाला मी आणि भाऊ दोन फोन घेऊन बसलो आणि माणशी तीनेकशे रुपये जास्त देऊन चार बर्थ मिळवले. रात्री तीच गाडी अकोल्याला आली तेव्हा मावशी दारात उभी राहून हात हलवत होती. एका डब्यात आम्ही महाग, उद्या जहाजात ती महाग. तिने अमरावतीहून आमच्यासाठीही धपाटे आणि ठेचा आणला होता.

तोपर्यंत मला वाटत होतं की या हिशेबात दोनच बाजू आहेत, मी आणि मावशी. तिसरी बाजू मला जहाजावर कळली, तीही भाऊ बोलून गेला म्हणून.

आई डबे करते. अकोल्यात बाहेरगावची पोरं नीट-जेईईच्या क्लासला येतात, खोल्या करून राहतात, आणि जठारपेठेत घरगुती डब्याला गिऱ्हाईक कमी नसतं. आईचे बारा डबे ठरलेले. डिसेंबरात तीन नवीन पोरं विचारायला आली होती. आईने त्यांना नाही म्हटलं, कारण मी घरात सांगून ठेवलं होतं, "कधीही निघावं लागेल, तयार राहा." नवीन पोरांना घ्यायचं आणि पंधरा दिवसांत चार दिवस उपाशी ठेवायचं, हे तिला बरं वाटेना. अडीच हजारांचे तीन डबे, दोन महिने. पंधरा हजार. त्यात निम्मा नफा धरला तरी साडेसात हजार. बाबांचं वेगळंच. ते दालमिलमध्ये हिशेब लिहितात, फेब्रुवारीत नवी तूर येते, तेव्हा अकरा दिवस आधी शेठजींकडे सुट्टी मागणं म्हणजे काय ते तेच जाणोत. त्यांनी मला सांगितलं नाही. ते परत आल्यावर तीन रविवार मिलमध्ये गेले, त्यावरून मी ओळखलं.

म्हणजे माझ्या तक्त्यात जी वीस हजार आठशेची बचत हिरव्या रंगात होती, तिचा मोठा वाटा आमच्याच स्वयंपाकघरातून आला होता. वाट मी पाहत होते, थांबत आई होती. मला वाट पाहणं फुकट होतं, कारण ती दुसरं कुणीतरी करत होतं. कंपनीला तरी तिच्या रिकाम्या केबिनची किंमत माहीत असते. मला आईच्या रिकाम्या ठेवलेल्या दिवसांची माहीत नव्हती.

इतिहासात एक भाडं असंही आहे जे उतरत उतरत पार फुकट झालं. १९०६ मध्ये तुतीकोरिनला चिदंबरम पिल्लई यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली, तुतीकोरिन ते कोलंबो. लोकमान्य टिळकांचा त्यांना पाठिंबा होता. समोर ब्रिटिश इंडिया कंपनी. तिने भाडं एक रुपयावर आणलं. स्वदेशीने आठ आणे केलं. मग इंग्रज कंपनीने फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली. १९०८ मध्ये पिल्लई तुरुंगात गेले, काही वर्षांत कंपनी बुडाली. मला कोलंबोला जाणाऱ्या त्या साध्या माणसाबद्दल नेहमी कुतूहल वाटतं, जो छत्री घेऊन जहाजावर चढला. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला पलीकडे जायचं होतं, आणि ऊन होतं. पण छत्रीचे पैसे कुणीतरी भरत होतं, आणि ते कोण हे त्याला विचारावंसं वाटलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याच्या अलीकडे आई डेकवर एकटीच बसली होती. मी तिला डब्यांचं विचारलं. ती म्हणाली, "अगं जाऊ दे, पोरांना काय कमी आहेत डबेवाल्या." मग जरा वेळाने म्हणाली, "मला फक्त कुणाला सांगता नाही आलं. मैत्रिणी विचारत, जाणार का? मी म्हणायची, बघू." समुद्राकडे बघतच म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, निदान मला ऐकू आली नाही.

मावशीला मी परतीच्या गाडीत सांगितलं. नाशिक गेलं होतं, बाकीचे झोपले होते. नोव्हेंबरचंही सांगितलं, जहाजावरच्या खोट्याचंही. ती हसली. "मले माहीत होतं. तुझ्या काकांनी फेब्रुवारीत पाह्यलं होतं फोनवर. दोन दिवस बोलले नाही ते माह्याशी."

"मग तू विचारलंस कशाला?"

"पाह्यलं, तू सांगतेस का." मग पांघरूण ओढून घेत म्हणाली, "अन् आइक, मी नोव्हेंबरात पैसे भरले तं तीन महिने रोज जहाजात बसली. अर्ध्या कॉलनीले सांगून झालं होतं. पाच हजारात काही वाईट नाही ते."

हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काका दोन दिवस बोलले नाहीत, हेही तिनेच सांगितलं होतं. मी घरी येऊन साडेसात हजार आईच्या खात्यात टाकले. तिला वाटलं दिवाळीचे आगाऊ दिले, आणि त्यातून तिने भावाला बूट घेतले.

भाड्याचा अलर्ट मी फोनवरून अजून काढलेला नाही. परवा रात्री तो वाजला. पुढच्या महिन्यातली सफर, चौघांची केबिन, भाव चांगलाच पडला होता. आई दुसऱ्या दिवशीच्या डब्यांसाठी भाजी निवडत होती. "काय आलं गं?" तिने विचारलं. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने चष्मा वर करून आकडा वाचला, तारीख वाचली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाली, "मावशीला पाठव आधी."